विनोबा आणि चंबळच्या बंदुका

आचार्य विनोबा भावे यांचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम ‘गीताई’ आठवते, मग भूदानाची पदयात्रा आणि अखेरीस धाम नदीकाठचा पवनारचा आश्रम. या ठळक आठवणींमागे त्यांच्या आयुष्याचा एक धागा काहीसा झाकून गेला आहे. अहिंसेचा हा उपासक पुन्हा पुन्हा बंदुकीपाशी जाऊन पोहोचला. तारुण्यात त्यांना क्रांतिकारकांच्या मार्गाने खुणावले, पन्नाशीत त्यांचे गुरू पिस्तुलाच्या गोळ्यांना बळी पडले, भूदानाचा जन्म सशस्त्र लढ्याने होरपळलेल्या तेलंगणात झाला आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते चंबळच्या खोऱ्यात डाकूंना भेटायला पायी गेले. बंदूक कोण चालवतो यापेक्षा ती त्याच्या हाती का येते, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. त्याचे उत्तर त्यांना किती सापडले आणि किती हातून निसटले, हे पाहणे आजही उद्बोधक आहे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत. पुढे कुटुंबही तेथे गेले. आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या श्रद्धाळू परंतु मोकळ्या वृत्तीचा ठसा विनायकावर खोल उमटला. तो काळ मात्र केवळ भक्तीचा नव्हता. १९०८ मध्ये मुजफ्फरपूरला बाँब फुटला, १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. शाळकरी वयातील असंख्य मुलांप्रमाणे विनायकाच्याही मनात बंगालच्या क्रांतिकारकांविषयी विलक्षण ओढ निर्माण झाली. दुसरीकडे हिमालयात जाऊन ब्रह्मशोध करण्याची इच्छाही तितकीच प्रबळ होती.

१९१६ च्या मार्च महिन्यात इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा विद्यार्थी सुरत स्थानकावर उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. शाळा-कॉलेजातील प्रमाणपत्रे त्याने त्याआधीच आईच्या चुलीत टाकली होती. काशी हे हिमालय आणि बंगाल या दोन्ही दिशांच्या वाटेवरचे गाव होते, हा योगायोग सूचक म्हणावा लागेल. हिंदू विश्वविद्यालयातील गांधीजींच्या गाजलेल्या भाषणाचा वृत्तांत तेथे त्याच्या वाचनात आला, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती या दोन्ही गोष्टी एकाच माणसात पाहायला मिळाल्याचे समाधान विनोबांनी पुढे अनेकदा बोलून दाखविले. शस्त्राचे आकर्षण त्यांच्या लेखी परके नव्हते. अन्यायाने चिडलेल्या तरुणाला पिस्तूल का जवळचे वाटते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होते.

पुढची पस्तीस वर्षे अध्ययन, श्रम आणि तुरुंग यांत गेली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे त्यांनी वेदान्ताचा अभ्यास केला. १९२१ मध्ये गांधीजींच्या आज्ञेवरून ते वर्ध्याला आले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली आणि मराठी वाङ्मयात एक अमोल ग्रंथ जमा झाला. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली, तोवर देशाला त्यांचे नावही फारसे माहीत नव्हते. बेचाळीसनंतरची तीन वर्षे पुन्हा कारावासात गेली. तुरुंगाचे जग त्यांनी आतून पाहिले होते. शिक्षा झालेला माणूस आणि त्याचा गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही त्यांची धारणा पक्की होण्यास हा अनुभव कारणीभूत झाला असावा.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत तीन गोळ्या झाडल्या गेल्या आणि विनोबांच्या आयुष्याचा आधार नाहीसा झाला. मारेकरी मराठी भाषक होता, पुण्याचा होता आणि विनोबांच्याच जातीत जन्मलेला होता. हे नाते त्यांनी टाळले नाही. त्या वर्षी मार्चमध्ये सेवाग्राम येथे गांधीजींचे सहकारी जमले, तेव्हा एका माथेफिरूचे कृत्य म्हणून विषय मिटविण्यास ते तयार नव्हते. ज्या वातावरणात असा द्वेष पोसला जातो, त्या वातावरणाचा विचार आपल्या प्रांतापासून सुरू केला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्यानंतर ते निर्वासितांच्या छावण्यांत आणि मेवातमधील उखडलेल्या मेव मुसलमानांच्या पुनर्वसनाच्या कामात गुंतले.

बंदुकीमागचे सामाजिक कारण उघड्या डोळ्यांनी पाहण्याची वेळ आली ती १९५१ मध्ये. हैदराबाद संस्थानातील तेलंगण भागात १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र लढा चालू होता. देशमुख आणि जमीनदार यांच्याकडे हजारो एकर जमीन, कुळांकडे काहीच नाही आणि वेठबिगारीची अमानुष रूढी, हे त्याचे मूळ होते. आधी रझाकारांचे अत्याचार, मग १९४८ ची पोलीस कारवाई, त्यानंतर लष्कर आणि गनिमी तुकड्या यांच्यातील संघर्ष, असे खेड्यांचे हाल झाले. शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी विनोबा पवनारहून पायी निघाले. हैदराबादच्या तुरुंगात जाऊन त्यांनी कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेतली आणि मग नलगोंडा जिल्ह्यात प्रवेश केला.

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावात हरिजन वस्तीतील चाळीस कुटुंबांनी पोट भरण्यासाठी ऐंशी एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करू, असे सांगून विनोबांना पुढे जाता आले असते. त्यांनी सभेत गावकऱ्यांनाच विचारले, आणि रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने शंभर एकर देऊ केले. त्या प्रसंगातून भूदान जन्माला आले. तेलंगणातील एक्कावन्न दिवसांच्या यात्रेत सुमारे बारा हजार एकर जमीन मिळाली. कम्युनिस्टांनी दाखविलेला रोग खरा आहे, त्यांचे औषध तेवढे चुकीचे आहे, असे विनोबांचे निदान होते. त्या काळी सत्तेतील फार थोड्या लोकांनी एवढी स्पष्ट कबुली दिली असेल. बहुतेकांच्या दृष्टीने तेलंगण हा केवळ कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न होता.

पुढे तेरा वर्षांहून अधिक काळ ते देशभर चालत राहिले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात मिळाली. त्यातील बराच भाग खडकाळ, नापीक किंवा कज्जेदलालीत अडकलेला निघाला आणि मोठा हिस्सा भूमिहीनांपर्यंत कधी पोहोचलाच नाही. दानपत्रांवर सह्या होत, परंतु तलाठ्याच्या दप्तरात नाव बदलत नसे. भूदानाने जमीनदारांना कायद्याच्या बडग्यापासून वाचविले, ही डाव्या टीकाकारांची तक्रार त्यामुळे पूर्णपणे खोडून काढता येत नाही. तरीही हिंसेचे मूळ शेताच्या बांधावर शोधले पाहिजे, हा विचार या यात्रेने राष्ट्रीय चर्चेच्या मध्यभागी आणून ठेवला.

१९५९ मध्ये विनोबा काश्मीरमध्ये असताना त्यांना अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगातून एक पत्र आले. पत्र लिहिणारा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा झालेला कैदी होता आणि चंबळ खोऱ्यातील नामांकित डाकू मानसिंग याचा मुलगा होता. मरण्यापूर्वी विनोबांचे दर्शन व्हावे, अशी त्याची इच्छा होती. विनोबांना लगेच जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी मूळच्या त्या भागातल्याच मेजर जनरल यदुनाथसिंग यांना तुरुंगात पाठविले. तहसीलदारसिंगाने स्वतःसाठी काही मागण्याऐवजी खोऱ्यात उरलेल्या साथीदारांना या वाटेवरून परत फिरवावे, अशी विनंती केली. त्याची फाशी पुढे रद्द होऊन जन्मठेपेत बदलली.

चंबळ, यमुना आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठची माती पावसाच्या पाण्याने कातरली जाऊन तेथे मैलोन् मैल घळींचे जाळे तयार झाले आहे. स्थानिक लोक त्याला बीहड म्हणतात. लपण्यासाठी ही जागा उत्तम, म्हणून येथे डाकू निपजतात, असा सोपा समज रूढ आहे. घळींमुळे डाकूंना आसरा मिळतो हे खरे. परंतु त्यांच्यामुळे पिकाऊ जमीन दरवर्षी थोडी थोडी खचत जाते, हे अधिक महत्त्वाचे आहे. जमीन कमी, वाटणीदार जास्त आणि महसुली नोंदी पटवाऱ्याच्या मर्जीवर, अशा ठिकाणी बांधावरचा तंटा भाऊबंदकीत आणि भाऊबंदकी खुनात बदलायला वेळ लागत नाही. कोर्टाचा निकाल वर्षानुवर्षे लागत नाही. पोलीस ठाण्यात ज्याच्या जातीचा किंवा पैशाचा जोर, त्याची फिर्याद लिहिली जाते. मग दुसरा पक्ष बंदूक घेऊन बीहडात उतरतो. त्याच्या घरच्यांना पोलिसांचा मार बसतो, खबऱ्या ठरलेल्या शेजाऱ्याचा मुडदा पडतो आणि वैर पुढच्या पिढीकडे जाते. अशा माणसाला तेथील भाषेत डाकू न म्हणता बागी म्हणतात, म्हणजे बंडखोर. या शब्दात त्या मुलखाचा सरकारवरचा अविश्वास साठलेला आहे.

मानसिंगाची कहाणी याच साच्यातली होती. आग्रा जिल्ह्यातील खेडा राठोड गावचा हा सुखवस्तू ठाकूर गावातील वैरातून शस्त्राकडे वळला आणि त्याची टोळी खोऱ्यातील सर्वांत मोठी बनली. १९५५ मध्ये तो मारला गेला. टोळीची सूत्रे रूपा पंडिताकडे आली. १९५९ मध्ये तोही मारला गेला. त्यानंतर लोकमन दीक्षित ऊर्फ लुक्का पुढे आला. एक म्होरक्या पडला की दुसरा उभा राहत होता, कारण माणसे पुरविणारा झरा आटत नव्हता. प्रतिष्ठेचीही एक वेडी कल्पना या भूमीत रुजलेली होती. खांद्यावरची बंदूक हे मर्दपणाचे आणि घराण्याच्या मानाचे लक्षण समजले जाई. अपमान गिळून जगणाऱ्याला गावात किंमत नसे.

१९६० च्या मे महिन्यात, रणरणत्या उन्हात, विनोबांची पदयात्रा या मुलखात शिरली. बरोबर पोलिसांचा ताफा नव्हता. भिंड-मुरैनाच्या गावागावांत सभा होत. डाकू जन्मतः डाकू नसतो. दारिद्र्य, आपसातील वैर, पोलिसांची दांडगाई आणि राजकारणातील गटबाजी त्याला घडवितात, असे ते सांगत. शहरात बसून सभ्यपणे लुबाडणारे लोक या बागींपेक्षा चांगले आहेत असे समजण्याचे कारण नाही, हेही ते सुनावत. यदुनाथसिंग आणि इतर कार्यकर्ते घळींत जाऊन टोळ्यांशी बोलणी करीत. विनोबांनी माफीचे आश्वासन दिले नाही. कोर्टापुढे जावे लागेल, जी शिक्षा होईल ती भोगावी लागेल. मात्र छळ होणार नाही आणि मागे राहिलेल्या बायकामुलांची काळजी घेतली जाईल, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अशा अटींवर कोणी येईल, यावर फार थोड्यांचा विश्वास होता.

तरीही माणसे आली. लुक्का आणि त्याच्या साथीदारांनी प्रार्थनासभेत येऊन बंदुका विनोबांच्या पायांशी ठेवल्या. त्या महिन्यात एकूण वीस बागींनी शरणागती पत्करली. वर्षानुवर्षे ज्यांच्या नावाने गावे दारे लावून घेत, ती माणसे उघड्यावर बसून भजन ऐकत होती, हे दृश्य लोकांनी पाहिले. ज्यांचे आप्त या टोळ्यांनी मारले होते, अशा घरांतील माणसेही त्याच गावांत राहत होती.

या प्रयोगावर टीकाही तीव्र झाली. मध्य प्रदेशाच्या पोलीस दलाचे प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांनी उघड नाराजी व्यक्त केली. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले आणि पुढे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झालेले रुस्तमजी हे सचोटीचे अधिकारी म्हणून ओळखले जात. जिवावर उदार होऊन टोळ्यांशी लढणाऱ्या शिपायांच्या मनावर या सोहळ्याचा काय परिणाम होईल, हा त्यांचा प्रश्न गैरलागू नव्हता. खुनी माणसांच्या गळ्यात हार पडू लागले, तर ज्यांचे मुडदे पडले त्यांच्या विधवांनी कोणाकडे पाहायचे, हाही सवाल होता. विनोबांकडे याचे पूर्ण उत्तर होते असे म्हणता येणार नाही. शिक्षेला त्यांचा विरोध नव्हता आणि शरण आलेल्यांवर खटले चाललेही. त्यांचा आग्रह एवढाच होता की, गोळीने डाकू मरतो, डाकूपण मरत नाही. मात्र शिक्षा आणि हृदयपरिवर्तन यांच्या बरोबरीने जमिनीचे तंटे मिटविणारी, पोलीस ठाणे सुधारणारी, कोर्टाचा निकाल लवकर लावणारी यंत्रणा उभी राहायला हवी होती. ते काम यात्रा पुढे गेल्यावर मागे राहिले. सरकारचा उत्साह थंडावला आणि पुढील दशकात नव्या टोळ्या उभ्या राहिल्या.

तरी १९६० चा प्रयोग वाया गेला नाही. दहा-अकरा वर्षांनी माधोसिंग या कुख्यात म्होरक्याने मध्यस्थीसाठी विनोबांकडे शब्द टाकला. विनोबांनी तोवर पवनार न सोडण्याचा निश्चय केला होता. त्यांनी जयप्रकाश नारायण यांच्याकडे बोट दाखविले. १९७१ मध्ये माधोसिंग नाव बदलून, ठेकेदार असल्याचे सांगून पाटण्याला जयप्रकाशांच्या घरी पोहोचला. जुन्या बागींपैकी तहसीलदारसिंग आणि लोकमन यांनी मध्यस्थांचे काम केले. एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथील गांधी आश्रमात मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या टोळ्यांनी शस्त्रे खाली ठेवली. त्या वर्षात बुंदेलखंडासह चारशेहून अधिक डाकू शरण आले. या वेळी सरकारांशी आधी बोलणी झाली होती, फाशी न देण्याचे आश्वासन मिळाले होते आणि मुंगावलीला खुला तुरुंग उभारण्यात आला. विनोबांच्या प्रयोगात जी शासकीय बाजू लंगडी राहिली होती, ती जयप्रकाशांनी बऱ्याच अंशी भरून काढली.

विनोबांची अखेरची वर्षे वादापासून मुक्त नव्हती. आणीबाणीच्या काळात मौनात असताना त्यांनी लिहून दिलेल्या शब्दांचा सरकारने आपल्या समर्थनासाठी पुरेपूर वापर केला आणि जयप्रकाश तुरुंगात असताना विनोबा गप्प का, या प्रश्नाने सर्वोदय परिवार दुभंगला. ज्याने डाकूंमधील माणूस ओळखला, त्याला सत्तेचा चेहरा ओळखता आला नाही, ही खंत त्यांच्या अनेक अनुयायांना शेवटपर्यंत राहिली. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांनी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला आणि १५ तारखेला, दिवाळीच्या दिवसांत, पवनार येथे देह ठेवला. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

त्यांच्या अखेरच्या काळातच बीहड पुन्हा धुमसत होता. आशियाई क्रीडास्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केलेला, अडथळ्यांच्या शर्यतीतील राष्ट्रीय विजेता आणि लष्करातील सुभेदार पानसिंग तोमर मुरैना जिल्ह्यातील आपल्या गावी परतला आणि भाऊबंदांशी झालेल्या जमिनीच्या तंट्यातून बागी बनला. ऑक्टोबर १९८१ मध्ये तो पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला यमुनाकाठच्या बेहमई गावात वीस पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या. या हत्याकांडात जिचे नाव पुढे आले, त्या फुलनदेवीच्या आयुष्याची फरफटही वडिलांच्या जमिनीवर भाऊबंदाने केलेल्या कब्जापासून सुरू झाली होती. त्यात जात आणि स्त्रीवरील अत्याचार यांची भर पडली. विनोबांच्या निधनानंतर तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९८३ मध्ये, तिने भिंडमध्ये बंदूक खाली ठेवली. पुढे ती खासदार झाली आणि २००१ मध्ये दिल्लीत घराबाहेरच गोळ्या घालून तिची हत्या झाली.

मोठ्या टोळ्यांचे युग कालांतराने संपले. बंदुकीचा मान मात्र लगेच ओसरला नाही. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात पुरुषांनी नसबंदी करून घ्यावी म्हणून प्रशासनाला चक्क बंदुकीच्या परवान्याचे आमिष दाखवावे लागले. ज्या समाजात पौरुष बंदुकीने मोजले जाते, तेथे सरकारही नकळत तीच मोजपट्टी वापरू लागते, याचा हा नमुना होय.

विनोबांच्या चंबळ यात्रेकडे आज पाहताना संतांचा चमत्कार म्हणून भारावून जाणे सोपे आहे आणि भाबडेपणा म्हणून ती निकालात काढणेही सोपे आहे. वीस माणसांचे मन पालटले, हे सत्य आहे. ज्या बांधावरून, ज्या दप्तरातून आणि ज्या ठाण्यातून ती माणसे बीहडात ढकलली गेली, ते सारे जागच्या जागी राहिले, हेही तितकेच सत्य आहे. पोचमपल्लीला हिंसेचे मूळ विनोबांच्या नेमके हाती लागले होते. चंबळमध्येही त्यांनी ते ओळखले. पण ते उपटण्याचे काम एका पदयात्रेचे नव्हते. ते महसूल खात्याचे, न्यायालयांचे, पोलिसांचे आणि गावाच्या मानापमानाच्या कल्पना घडविणाऱ्या समाजाचे होते. बंदुका पायांशी आल्या तेव्हा विनोबांनी त्या स्वीकारल्या आणि ते पुढच्या गावाकडे चालू लागले. मागे राहिलेल्यांनी ते काम पुरे केले असते, तर पानसिंग तोमर कदाचित खेळाडू म्हणूनच देशाच्या आठवणीत राहिला असता.